अधिशोषक स्थाने असलेल्या माध्यमातील विसरण: एकाच पटलाचे दोन विसरणांक कसे?

अर्धपारगम्य (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जेलच्या एका पातळ पटलातून रंगद्रव्याच्या रेणूंचे विसरण कसे होते, हे मी मोजतो आहे. पटलाची जाडी १ मिलिमीटर आहे. जेलच्या जाळ्याला काही रासायनिक गट, म्हणजे शीर्षकातली अधिशोषक स्थाने, कायमचे जोडलेले आहेत. त्यांवर रंगद्रव्याचा रेणू काही काळ चिकटतो आणि पुन्हा सुटतो. पटलाच्या एका बाजूला रंगद्रव्याची संहती स्थिर ठेवली आहे आणि दुसऱ्या बाजूचे द्रावण सतत बदलले जात असल्याने तिथली संहती जवळजवळ शून्य असते. पलीकडे एकूण किती रंगद्रव्य पोहोचले याचा काळानुसार आलेख काढला, की तो आधी बराच वेळ तळाशी रेंगाळतो आणि मग सरळ रेषेत चढू लागतो.

अडचण अशी, की या एकाच आलेखातून मला दोन विसरणांक (रेणू किती वेगाने पसरतात ते सांगणारे आकडे) मिळतात. सरळ रेषेच्या चढावरून, म्हणजे स्थिर अवस्थेतील प्रवाहावरून, तो सेकंदाला ३८० चौरस मायक्रोमीटर येतो. याच रंगद्रव्याचा पाण्यातील विसरणांक ४०० असल्यामुळे हा आकडा पटण्यासारखा आहे. तीच सरळ रेषा मागे वाढवली तर ती काळाच्या अक्षाला सुमारे ४ तास ५० मिनिटांवर छेदते. जाडीच्या वर्गाला विसरणांकाच्या सहापटीने भागले की हा विलंब मिळतो, हे नेहमीचे सूत्र लावल्यास विसरणांक अवघा ९.६ उरतो. तो खरोखर ३८० असता, तर विलंब सात-साडेसात मिनिटांपलीकडे जायला नको होता.

माझे मत असे, की एका माध्यमात एका रेणूचा विसरणांक एकच असला पाहिजे, आणि म्हणून या दोनपैकी एक मोजमाप सदोष आहे. ते कोणते? आणि निष्कर्षांच्या तक्त्यात कोणता आकडा द्यावा?

घनमूळ

दोन्ही मोजमापे बरोबर आहेत. 'विसरणांक एकच असला पाहिजे' ही अपेक्षाच इथे लागू पडत नाही.

पटलातल्या एखाद्या पातळ थराचा हिशेब मांडून पाहा. थरात आलेले रेणू आणि थरातून गेलेले रेणू यांतील फरक त्या थरात दोन रूपांत साठतो: काही रेणू मोकळे राहतात, तर काही स्थानांवर चिकटतात. स्थाने जाळ्याला जखडलेली असल्यामुळे पुढे सरकतात ते फक्त मोकळे रेणू. चिकटणे आणि सुटणे पुरेसे जलद असेल आणि चिकटलेल्यांची संहती मोकळ्यांच्या 'क' पट असेल, तर साठा (१ + क) पट होतो आणि प्रवाह मात्र मोकळ्या रेणूंच्या उतारानुसार पूर्वीइतकाच राहतो. म्हणून संहती बदलत असते तोवर माध्यम असे वागते, की जणू विसरणांकाला (१ + क) ने भागले आहे. स्थिर अवस्था आल्यावर प्रत्येक स्थान जितके रेणू पकडते तितकेच सोडते, साठ्यात भर पडत नाही, आणि मग स्थाने असली काय नि नसली काय, प्रवाहाला फरक पडत नाही.

विलंबाची ही पद्धत डेन्स यांनी १९२० मध्ये रबराच्या पटलांतून जाणाऱ्या वायूंसाठी वापरली होती. तुमच्या आकड्यांत ३८० भागिले ९.६ म्हणजे जवळपास ४०. याचा अर्थ, कोणत्याही क्षणी पटलातल्या चाळीस रेणूंपैकी एकोणचाळीस चिकटलेले असतात.

मोसमी_वाटसरू

घनमूळ यांचे म्हणणे मी स्वतःसाठी असे मांडून घेतले. एका लांब पायवाटेवर जागोजागी बाके आहेत आणि प्रत्येक जण वाटेत अनेकदा बसतो. सकाळी वाट उघडल्यावर पहिला माणूस दुसऱ्या टोकाला फार उशिरा पोहोचेल. मात्र वाट एकदा माणसांनी भरली, की तासाला जितके आत शिरतात तितकेच बाहेर पडतात आणि बाके किती आहेत हे बाहेर मोजणाऱ्याला कळतही नाही. हे बरोबर आहे का?

आळसावलेला_अणू

मला त्यातले एक बाक मिळाले तर मी उठणारच नाही. मग तुमच्या हिशेबाचे काय?

निर्वात

आळसावलेला_अणू यांनी थट्टेत विचारले असले, तरी घनमूळ यांच्या उत्तरातील कच्चा दुवा नेमका तोच आहे. चिकटलेल्यांचे मोकळ्यांशी असलेले गुणोत्तर स्थिर राहते, हे त्यांनी गृहीत धरले आहे. स्थानांची संख्या मर्यादित असते. लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या समतापी वक्रानुसार (स्थिर तापमानाला संहतीनुसार किती रेणू चिकटतात ते दाखवणारा वक्र) संहती वाढत जाते तशी स्थाने भरत जातात आणि नव्या रेणूंना चिकटायला जागा उरत नाही. त्यामुळे हा 'क' संहतीवर अवलंबून असतो आणि परिणामी विसरणांकही पटलाच्या दोन बाजूंना वेगवेगळा असतो: जिथे संहती जास्त तिथे मोठा, जिथे कमी तिथे लहान.

याचे टोक म्हणजे जवळजवळ न उठणारे रेणू. तेव्हा पटलात एक धारदार सीमा तयार होते. सीमेच्या मागची सगळी स्थाने भरलेली, पुढची सगळी रिकामी, आणि मोकळा रेणू भरलेल्या भागातून वाहत येऊन सीमेवरच्या पहिल्या रिकाम्या स्थानावर अडकतो. मूळ विसरणांक, बाहेरची संहती आणि गेलेला काळ यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्या, तिला स्थानांच्या संहतीने भागा आणि वर्गमूळ काढा. तेवढ्या खोलीवर ती सीमा पोहोचलेली असते. लक्षात घ्या, की सीमा इथेही काळाच्या वर्गमूळानेच सरकते. म्हणून 'वर्गमूळ मिळाले, म्हणजे साधे विसरण आहे' असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो मला अजिबात मान्य नाही.

धागाकर्त्यांनी बाहेरची संहती बदलून विलंब पुन्हा मोजावा. तो बदलला नाही तर घनमूळ बरोबर. घटला, तर स्थाने भरत आहेत असे समजावे.

घनमूळ

सहमत. कमी संहतीची अट मी लिहायला हवी होती असे तुम्ही म्हणू शकता, पण ९.६ आणि ३८० यांतील तफावतीचे मूळ त्यामुळे बदलत नाही.

पोलादी

धातूंकडेही हाच प्रश्न आहे आणि तिथे त्यावर पुष्कळ काम झाले आहे. लोखंडाच्या स्फटिकजालातून हायड्रोजनचा अणू साध्या तापमानालाही अतिशय वेगाने जातो. विसरणांक सेकंदाला सुमारे दहा हजार चौरस मायक्रोमीटर, म्हणजे धागाकर्त्यांच्या रंगद्रव्याच्या पाण्यातल्या विसरणांकाच्या पंचवीसपट. प्रत्यक्ष पोलादात मात्र तो शंभरपटीने किंवा त्याहूनही कमी मोजला जातो, कारण विस्थापन-रेषा (स्फटिकाच्या रचनेतील रेषेसारखे दोष), कणसीमा (स्फटिककणांमधल्या सीमा) आणि कार्बाइडांचे पृष्ठभाग यांवर हायड्रोजन अडकून बसतो. थंड अवस्थेत लाटलेल्या पोलादात विस्थापन-रेषा वाढतात आणि विलंबही वाढतो. मॅकनॅब आणि फॉस्टर यांनी १९६३ मध्ये अडकणे आणि सुटणे यांची समीकरणे विसरणाच्या समीकरणाला जोडली, आणि ओरियानी यांनी १९७० मध्ये स्थानिक समतोल धरून ती सोपी केली. घनमूळ यांचे सूत्र हे त्याच समतोलाचे रूप आहे.

आमच्याकडे हा निव्वळ गणिताचा विषय नाही. हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ होते, आणि तडा जाण्याच्या दृष्टीने मोकळा हायड्रोजन किती आणि अडकलेला किती हे वेगवेगळे माहीत असावे लागते. काही पोलादांत तर बारीक कार्बाइडे मुद्दाम निर्माण केली जातात, म्हणजे हायड्रोजन तिथे घट्ट अडकेल आणि तड्याच्या टोकापर्यंत पोहोचणार नाही.

एक व्यावहारिक सूचना. पहिली चाचणी झाल्यावर पटलातले मोकळे रंगद्रव्य धुऊन काढा आणि त्याच पटलावर तीच चाचणी पुन्हा घ्या. दुसरा विलंब पहिल्यापेक्षा कमी आला, तर काही स्थाने इतकी घट्ट पकडतात की धुऊनही ती रिकामी झालेली नाहीत.

मंदगती

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. स्थाने प्रवाहाला मुळीच अडवत नाहीत, हे चर्चेत फार सहज मान्य केले जात आहे. स्थान म्हणजे काही गणितातला बिंदू नव्हे. ज्या जाळ्यावर ते बसलेले असते ते जाळे जागा व्यापते आणि रेणूला वळसा घालून जावे लागते. मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये विरळ गोलाकार अडथळ्यांसाठी दिलेल्या सूत्रानुसार, अडथळ्यांनी १० टक्के आकारमान व्यापले तर प्रवाह सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. हा परिणाम स्थिर अवस्थेतही टिकून राहतो.

घनमूळ

मंदगती, अडथळा आणि अधिशोषण (स्थानांवर चिकटणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचाच आक्षेप त्या वेगळ्या करायला उपयोगी पडतो. धागाकर्त्यांना ४०० ऐवजी ३८० मिळाले ते अडथळ्यामुळे; मॅक्सवेल यांच्या सूत्राने उलटा हिशेब केला तर जाळ्याने सुमारे साडेतीन टक्के जागा व्यापलेली असावी. ३८० चे ९.६ झाले ते अधिशोषणामुळे. पाच टक्क्यांची घट आणि चाळीसपट घट एकाच कारणाने होत नाही.

मंदगती

जाळ्याचे धागे गोल नसतात, त्यामुळे साडेतीन टक्के हा आकडा मी अंदाजापुरताच धरीन. शिवाय स्थिर प्रवाहातून निव्वळ विसरणांक मिळत नाही. तो आणि मोकळ्या रेणूंचे द्रावण व जेल यांतील वाटप, या दोहोंचा गुणाकार मिळतो. ते वाटप एकास एक आहे हे कोणी तपासले आहे का?

अर्धपारगम्य

चिकटणारे गट नसलेल्या, पण बाकी सर्व बाबतींत तशाच जेलमध्ये ते तपासले आहे. जेलमधील पाण्याच्या भागापुरते पाहिले तर ते एकास एकच्या अगदी जवळ आहे.

पेशीरस

घनमूळ यांच्या पहिल्या उत्तरातील 'स्थाने जखडलेली असल्यामुळे' हे शब्द निसटू देऊ नका, कारण स्थाने स्वतः हलू लागली की निष्कर्ष उलटतो.

पेशीतील कॅल्शियमचे उदाहरण घ्या. ऑलब्रिटन, मायर आणि स्ट्रायर यांनी १९९२ मध्ये बेडकाच्या अंड्यांपासून काढलेल्या पेशीद्रवात त्याचा विसरणांक मोजला. कॅल्शियमला पकडणारी प्रथिने मोकळी असताना तो सेकंदाला १३ चौरस मायक्रोमीटर होता, कॅल्शियम वाढवून ती प्रथिने भरत नेल्यावर ६५, आणि मोकळ्या कॅल्शियमसाठी २२३. म्हणजे निर्वात यांनी सांगितलेले स्थाने भरण्याचे चित्र इथे थेट आकड्यांत दिसते. त्याच द्रवात आयपी-३ हा कॅल्शियम आयनापेक्षा कितीतरी मोठा संदेशवाहक रेणू मात्र २८३ ने सरकत होता, कारण त्याला तिथे फारसे कोणी पकडत नाही. संदेश लांबवर कोण नेणार, हे रेणूच्या आकारावरून नव्हे तर त्याला वाटेत पकडणाऱ्यांवरून ठरले.

आता पकडणारी प्रथिने स्वतःच तरंगती असतील, तर चिकटलेला रेणूही त्यांच्याबरोबर प्रवास करतो आणि स्थिर अवस्थेतील प्रवाह चक्क वाढतो. शोलांडर यांनी १९६० मध्ये हिमोग्लोबिनच्या द्रावणातून ऑक्सिजन अशा प्रकारे अधिक वेगाने जातो हे दाखवले. तेव्हा मोसमी_वाटसरू यांच्या बाकांना चाके बसवली तर तासाचा आकडाही बदलेल.

मोसमी_वाटसरू

चाके असलेली बाके हवीत, असा अर्ज कुठे करायचा?

शंकेखोर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. समजा मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेणू पाहिला आणि त्याचे माध्य वर्ग विस्थापन, म्हणजे कापलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी, काळानुसार मांडले. तो ४० भागांपैकी ३९ भाग काळ चिकटलेला असतो. मग आलेखाला सुरुवातीला ३८० चा चढ आणि नंतर ९.६ चा चढ दिसेल ना? म्हणजे दोन्ही आकडे एकाच आलेखात मिळतील.

यादृच्छिक_पथिक

ते तुम्ही रेणू कसा निवडता त्यावर अवलंबून आहे, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा मुद्दा इथेच आहे.

फक्त मोकळे रेणू निवडून त्या क्षणापासून काळ मोजला, तर तुमचे म्हणणे खरे ठरेल: आधी ३८० आणि मग वळण घेऊन ९.६. पण समतोलातल्या माध्यमातून डोळे मिटून रेणू निवडला, तर तो कोणत्याही क्षणी मोकळा असण्याची शक्यता सतत चाळीसात एक इतकीच राहते. वर्ग विस्थापनात भर पडते ती फक्त मोकळ्या काळात. त्यामुळे सरासरी पहिल्या क्षणापासून काळाच्या अचूक प्रमाणात वाढते आणि तिचा चढ सुरुवातीपासूनच ९.६ चा असतो. आलेखात वळण नसते, वाकणे नसते. पाहणाऱ्याला वाटावे, की हे निर्भेळ ब्राउनियन चलन आहे, फक्त मंद.

फरक दडलेला असतो तो विस्थापनांच्या वाटपात. अगदी थोड्या काळानंतर पाहिले तर बहुतेक रेणू जागचे हललेलेच नसतात आणि मोजके मोकळे रेणू बरेच दूर गेलेले असतात. म्हणजे शून्यापाशी टोकदार शिखर आणि त्याच्या भोवती पसरट शेपट्या. गाउस यांच्या घंटाकार वक्राशी याचे काहीच साम्य नसते. प्रत्येक रेणू अनेकदा चिकटून सुटेल इतका काळ लोटला, म्हणजे मगच घंटाकार वक्र तयार होतो. आपल्याकडे एकेक रेणूचे मार्ग असतील तर केवळ सरासरी काढून थांबू नये, हे मी विद्यार्थ्यांना कितीही वेळा सांगितले तरी ते सरासरीच काढतात.

आणखी एक गुंता आहे. स्थाने भरू लागली, की खुणेच्या (ओळखू यावेत म्हणून खूण केलेल्या) रेणूंचे विसरण आणि संहतीच्या उताराने होणारे विसरण हेही एकसारखे राहत नाही. समजा कमी संहतीला क = १०० आहे आणि आपण निम्मी स्थाने भरतील इतकी संहती ठेवली. सगळीकडे संहती समान ठेवून त्यातले काही रेणू खुणेचे घेतले, तर त्यांचा विसरणांक ५१ पटीने घटलेला दिसेल. त्याच ठिकाणी संहतीत किंचित उतार निर्माण करून तो किती लवकर सपाट होतो हे पाहिले, तर घट फक्त २६ पट दिसेल. पहिल्या मोजमापात प्रश्न असतो, की रेणू किती काळ मोकळा राहतो. दुसऱ्यात असा, की संहती थोडी वाढवली तर चिकटलेल्यांत किती भर पडते.

अर्धपारगम्य

एका माध्यमाला दोन विसरणांक नकोत म्हणून मी धागा काढला होता. आता ते चार झाले आहेत.

आळसावलेला_अणू

धागा अजून पहिल्या पानावर आहे. धीर धरा.

तापमापी

'चिकटणे-सुटणे पुरेसे जलद' या अटीकडे कोणी पाहिलेले नाही, म्हणून लिहितो. फ्रेंकेल यांनी १९२४ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार स्थानावर राहण्याचा काळ बंधन-ऊर्जेनुसार घातांकी पद्धतीने वाढतो. मूळ कंपनाचा काळ सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका धरला आणि तापमान २५ अंश सेल्सिअस घेतले, तर मोलमागे ४० किलोज्यूल ऊर्जेला रेणू एक मायक्रोसेकंद थांबतो, ८० ला सुमारे १० सेकंद आणि १०० ला सुमारे ९ तास. ऊर्जा अडीचपट झाली आणि काळ हजारो कोटी पटींनी वाढला! रेणूला पटल ओलांडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तुलनेत हा थांबा नगण्य असेल, तरच (१ + क) ने भागण्याला अर्थ आहे. दोन्ही काळ सारखेच असतील, तर आलेखाची सुरुवात काही चलाख रेणूंमुळे लवकर होते आणि मग बराच काळ तो हळूहळू वर सरकत राहतो.

आणि सगळ्या स्थानांची ऊर्जा सारखी नसेल तर? ऊर्जेचे वाटप घातांकी असेल तर थांब्यांच्या काळांचे वाटप घाताच्या नियमाने लांबत जाते, आणि काही परिस्थितीत सरासरी थांबाच अनंत होतो. शेर आणि माँट्रोल यांनी १९७५ मध्ये अस्फटिकी अर्धवाहकांतील विद्युतप्रवाहाचे विचित्र आलेख याच कल्पनेने उलगडले. तिथे विसरणांक दोन की चार हा वादच संपतो, कारण तो एकही नसतो. वर्ग विस्थापन काळाच्या एकापेक्षा लहान घाताने वाढते. ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे जाडी दुप्पट करणे. विलंब चौपट झाला तर साधे विसरण, चौपटीहून अधिक झाला तर काळजी करावी.

यादृच्छिक_पथिक

तापमापी यांच्या दुसऱ्या परिच्छेदाला एक पुरवणी. संगणकावर याचे अनुकरण करताना बरेच जण प्रत्येक पावलाला थांब्याचा नवा काळ सोडतीने काढतात. खऱ्या माध्यमात स्थान जागच्या जागी असते आणि रेणू परत आला तर त्याला तोच थांबा पुन्हा भोगावा लागतो. एका मितीत हा फरक मोठा आहे. थांब्यांच्या वाटपाचा घातांक १/२ असेल, तर दर वेळी नव्या सोडतीत वर्ग विस्थापन काळाच्या १/२ घाताने वाढते, पण जागच्या जागी असलेल्या स्थानांसाठी २/३ घाताने. तेच सापळे पुन्हा पुन्हा भेटूनही चाल जलद होते! कारण असे, की एका रेषेवर येरझाऱ्या घालणाऱ्या रेणूला एकूण वेगवेगळी स्थाने थोडीच भेटतात आणि त्यामुळे फार खोल स्थान गाठ पडण्याची संधीही कमी असते. तीन मितींत रेणू जुन्या जागी क्वचितच परततो, म्हणून हा भेद मिटतो.

गणिती_मांजर

थोडे अवांतर, पण न उठणाऱ्या आळसावलेला_अणू यांच्यासाठी. स्थाने कायमची गिळंकृत करणारी आणि यादृच्छिक विखुरलेली असतील, तर फार काळानंतर किती रेणू वाचतात? पहिला अंदाज साध्या घातांकी घटीचा असतो. डॉन्स्कर आणि श्रीनिवास वरधन यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले, की घट त्याहून मंद असते: तीन मितींत घातांकात काळ नव्हे, तर काळाचा ३/५ घात येतो. योगायोगाने स्थानेच नसलेली मोठी मोकळी जागा ज्या रेणूंना मिळते, तेच शेवटी उरलेले असतात. वरधन यांना २००७ मध्ये आबेल पारितोषिक मिळाले.

पेशीरस

अवांतराला अवांतर. स्थाने विरळ असली म्हणजे पकडही कमी, असे समजू नये. बर्ग आणि पर्सेल यांनी १९७७ मध्ये गणित करून दाखवले, की १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीवर १ नॅनोमीटर त्रिज्येचे सुमारे ३१०० ग्राही ठिपके असतील, तर पूर्ण पृष्ठभाग पकडणारा असताना जेवढे रेणू मिळाले असते त्याच्या निम्मे मिळतात. त्या ठिपक्यांनी पृष्ठभागाचा हजारावा भागही व्यापलेला नसतो. पृष्ठभागापाशी आलेला रेणू लगेच दूर जात नाही. तो तिथेच पुन्हा पुन्हा आपटतो आणि यापैकी एखाद्या वेळी ठिपका सापडतो.

मंदगती

हे अवांतर नाही. सुटलेला रेणू लगतच्या स्थानावर पुन्हा अडकतो, याचे कारणही हेच आपटणे. स्थाने दाट असतील तर सुटण्याचा मोजलेला दर खऱ्या दरापेक्षा कमी येतो. तापमापी यांचे आकडे एका सुट्या स्थानासाठी आहेत, हे विसरू नये.

तापमापी

मान्य. म्हणूनच ऊर्जेवरून काळ काढा, पण काळावरून ऊर्जा काढताना जपून राहा.

भूजल

मातीच्या थरांसाठी आम्ही (१ + क) लाच विलंबन-गुणक म्हणतो आणि तो स्थूल घनता, वाटप-गुणांक व पाण्याने व्यापलेला अंश यांवरून काढतो. किरणोत्सारी कचऱ्याभोवती बेंटोनाइटसारखी चिकणमाती भरण्याच्या योजना त्याच आधारावर आहेत. सीझियमचा धन आयन मातीच्या ऋण पृष्ठभागावर धरला जातो. आयोडाइडचा ऋण आयन धरला जात नाही, उलट काही छिद्रांतून दूर लोटला जातो, त्यामुळे तो पुढे निघून जातो. सीझियमच्या बाबतीत एक जुना वाद आहे. काही चिकणमातींत त्याचा स्थिर प्रवाह पाण्यावरून काढलेल्या अंदाजापेक्षा जास्त मिळतो, आणि चिकटलेले आयन पृष्ठभागावरून घसरत पुढे जातात असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे पेशीरस यांची चाके इथे बाकांना नसून बसणाऱ्यांना आहेत. मला हे स्पष्टीकरण बरेचसे पटते, सगळे नाही.

अर्धपारगम्य

सर्वांचे आभार. मधल्या काळात तुम्ही सुचवलेल्या चाचण्या घेतल्या.

जाडी दुप्पट केल्यावर विलंब सुमारे साडेएकोणीस तास झाला, म्हणजे चौपट. संहती पहिल्याच्या दहापट केली तेव्हा १ मिलिमीटर पटलातला विलंब सुमारे साडेतीन तासांवर आला आणि शंभरपट केल्यावर तासाभराच्या किंचित वर. तिन्ही संहतींना स्थिर प्रवाह मात्र संहतीच्या प्रमाणातच राहिला आणि त्यावरून विसरणांक प्रत्येक वेळी ३८० च्या आसपासच आला.

पोलादी यांच्या सूचनेनुसार, कमी संहतीला वापरलेले पटल धुऊन पुन्हा चाचणी घेतली. दुसरा विलंब पहिल्यापेक्षा थोडा, पण निश्चितपणे कमी आहे.

घनमूळ

हे आकडे लँगम्यूर यांच्या वक्राशी छान जुळतात. भरणाऱ्या स्थानांसाठी विलंबाचे जे सूत्र आहे त्यात ते घालून पाहिले. निम्मी स्थाने भरायला लागणारी संहती तुमच्या पहिल्या द्रावणाच्या सुमारे दहापट येते आणि स्थानांची एकूण संहती त्याच द्रावणाच्या सुमारे ४०० पट. पहिल्या चाचणीत पुरवठ्याच्या बाजूलासुद्धा जेमतेम अकरातले एक स्थान भरलेले होते, म्हणून तिथे (१ + क) चे साधे सूत्र जवळजवळ चालून गेले.

तक्त्यात ३८० द्या, आणि त्याच्या शेजारी हे दोन आकडे द्या. ९.६ हा आकडा पहिल्या संहतीपुरता खरा आहे. तो एकटा छापला तर वाचणारा तो दुसऱ्या संहतीला लावेल.

निर्वात

या वेळी पूर्ण सहमत. मात्र संहतीचा उल्लेख करून ९.६ सुद्धा द्यावा, कारण ज्यांच्याकडे फक्त विलंब मोजण्याची सोय आहे त्यांना पडताळणीसाठी तोच लागेल.

पोलादी

दुसरा विलंब कमी येणे हे दोन प्रकारची स्थाने असल्याचे लक्षण असू शकते: बहुसंख्य उथळ आणि मोजकी खोल. तसे असेल तर घनमूळ यांनी काढलेल्या स्थानांच्या ४०० पट संहतीत खोल स्थानेही मिसळलेली आहेत. पण त्याआधी धुण्याचा काळ दुप्पट करून पाहा. तरीही फरक तेवढाच राहिला तर पटल थोडे तापवून धुवा. खोल स्थानांवरचे रेणू तापमानाने भराभर सुटतील आणि तिसरा विलंब पहिल्याइतका येईल. तसा आला नाही, तर काही रेणू रासायनिक बंधाने कायमचे जोडले गेले आहेत असे धरावे लागेल, आणि मग ती स्थाने या हिशेबातून वगळावी लागतील.

अर्धपारगम्य

पटल ५० अंशांपर्यंत टिकते. तापवून धुण्याची चाचणी लावतो आणि आकडे इथेच देतो.